पुन्हा एकदा सुलतानगडावर

हरि नारायण आपटे हे नाव घेतले की आज बहुतेकांना आठवते ती ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी. समीक्षकांनी तिला मानाचे पान दिले, विद्यापीठांनी ती अभ्यासाला लावली आणि यमूच्या दुःखाने मराठी कादंबरी वयात आली, हे एव्हाना सर्वमान्य झाले आहे. ते योग्यच आहे. पण याच हरिभाऊंनी ‘म्हैसूरचा वाघ’पासून ‘वज्राघात’पर्यंत, १८९० ते १९१५ अशी तब्बल पंचवीस वर्षे ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. त्यांची गत मात्र घरातल्या जुन्या पितळी भांड्यांसारखी झाली. फेकवत नाहीत, वापरातही नाहीत. माळ्यावर आहेत एवढे सर्वांना ठाऊक असते.

मी त्या अधूनमधून माळ्यावरून काढतो. शाळकरी वयात सार्वजनिक वाचनालयातली, कणा मोडलेली ‘उषःकाल’ वाचली तेव्हा तिच्यातली भुयारे, वेषांतरे आणि रात्रीच्या दौडी एवढेच पोटात गेले. पुढे बँकेच्या नोकरीत बदल्यांच्या गावी संध्याकाळ खायला उठायची, तेव्हा ती दुसऱ्यांदा वाचली. निवृत्तीनंतर तिसऱ्यांदा, आणि या वेळी ‘वज्राघात’पर्यंत सगळा प्रवास ओळीने केला. शेवट ठाऊक आहे, इतिहास तर त्याहून ठाऊक आहे. त्या काळाबद्दल आज आपल्याला हरिभाऊंपेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. तरीही पान उलटण्याची घाई होते. हे कसे, याचा विचार करताना कादंबऱ्यांकडून मी त्यांच्या कर्त्याकडे वळलो आणि मला वाटते, उत्तर तिथेच आहे.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याचा. आई लहानपणीच गेली. घर एकत्र कुटुंबाचे. त्यातले कर्ते पुरुष म्हणजे काका महादेव चिमणाजी आपटे, मुंबईच्या हायकोर्टातले नामांकित वकील. बालपणाची काही वर्षे मुंबईत काढून १८७८ च्या सुमारास मुलगा पुण्याला आला आणि दोनच वर्षांनी, १८८० मध्ये, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर अशी माणसे एकाच शाळेत शिकवीत होती, ही गोष्ट आज वाचतानाही खरी वाटत नाही. हरिभाऊ त्या शाळेचे विद्यार्थी. १८८२ मध्ये विष्णुशास्त्री वारले तेव्हा या अठरा वर्षांच्या मुलाने त्यांच्यावर ‘शिष्यजनविलाप’ नावाचे शोककाव्य लिहिले. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे भाषांतर केले, त्याचे सविस्तर परीक्षणही याच विद्यार्थ्याने लिहिले आणि गुरूच्या चुका दाखवल्या. गंमत अशी की, ज्या आगरकरांच्या चुका काढल्या त्यांनाच हरिभाऊंनी जन्मभर गुरू मानले. वडीलधाऱ्या माणसाशी मतभेद आणि त्याच्याबद्दलचा आदर, ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर वाहायची सवय त्यांना लवकर लागली. हे ध्यानात ठेवायला हवे, कारण पुढे कादंबऱ्यांत तेच येणार आहे.

कॉलेज त्यांना मानवले नाही. डेक्कन, मग फर्ग्युसन अशी वाट झाली, पण पदवी हाती आली नाही. इंग्रजी, संस्कृत आणि मराठी वाचन मात्र अफाट होते. पदवी नाही म्हणजे सरकारी नोकरीचा राजमार्ग बंद. १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’मधून ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी येऊ लागली. दरम्यान काकांनी १८८८ मध्ये पुण्यात आनंदाश्रम ही संस्था स्थापन केली. जुनी संस्कृत हस्तलिखिते जमवायची, शास्त्र्यांकडून तपासून घ्यायची आणि छापायची, हे तिचे काम. व्यवस्थापक म्हणून हरिभाऊ तिथे लागले ते अखेरपर्यंत. आजही अप्पा बळवंत चौकात क्रमिक पुस्तके घ्यायला गर्दी करणारी मंडळी या वास्तूच्या जवळूनच जातात.

आता हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणा. विचाराने आगरकरांचा शिष्य, बालविवाह आणि केशवपन यांविरुद्ध लेखणी झिजवणारा माणूस, आणि चरितार्थाचे काम म्हणजे वेद, स्मृती आणि मीमांसेच्या पोथ्या शुद्ध स्वरूपात छापून घेणे. त्याच छपराखाली बसून विधवेचे दुःखही लिहायचे. एखाद्याने याला ढोंग म्हटले असते, एखाद्याने पळ काढला असता. हरिभाऊंनी दोन्ही कामे मनापासून केली. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या लेखनातली सगळी ताकद या दोन खोल्यांमधल्या दारात उभे राहण्यातून आली आहे.

१८९० च्या अखेरीस त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले. आगरकरांचा ‘सुधारक’ दोन वर्षे आधी निघाला होता. तो कोरडे ओढायचा. ‘करमणुकी’ने तेच औषध गोष्टींच्या गुळातून द्यायचे ठरवले. घरातल्या बायकामुलांनी, म्हाताऱ्यांनी एकत्र बसून वाचावे, एकाने वाचावे आणि बाकीच्यांनी ऐकावे, असा तो मजकूर. गोष्टी, चरित्रे, विज्ञानातली माहिती आणि मुख्य म्हणजे चालू कादंबरी. बहुतेक काळ एक नव्हे, दोन: एक ‘आजकालची गोष्ट’, म्हणजे सामाजिक, आणि एक ऐतिहासिक. ‘पण लक्षांत कोण घेतो’ चालू असतानाच मेडोज टेलरच्या ‘टिपू सुलतान’वरून घेतलेला ‘म्हैसूरचा वाघ’ चालला होता. एका हाताने यमू लिहायची आणि दुसऱ्या हाताने टिपू, असा हा आठवड्याचा हिशेब. हे साप्ताहिक त्यांनी १९१७ पर्यंत चालवले. मी स्वतः चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. एकेका प्रकरणासाठी महिने घालवण्याची चैन मला परवडली. दर आठवड्याला छापखान्याचा माणूस दारात उभा असताना सत्तावीस वर्षे लिहीत राहणे म्हणजे काय, याची कल्पनासुद्धा मला धाप लावते.

हरिभाऊंवर पाल्हाळाचा आरोप नेहमी होतो. आरोप खरा आहे. पण पुस्तक एकसलग वाचणाऱ्याला जो पाल्हाळ वाटतो, तो आठवडाभर थांबलेल्या वाचकासाठी पूल होता. मागे काय झाले याची आठवण करून द्यायची, दोन नव्या गोष्टी सांगायच्या आणि दारावर थाप पडली की थांबायचे. हे तंत्र एकदा ओळखले की पुनर्वाचनात वेगळीच मजा येते. शिवण उलटी करून पाहिल्यावर टाके दिसतात तशी हप्त्यांची जागा दिसू लागते. मी तर आता दर रात्री एकदोन प्रकरणे एवढाच शिधा घेतो. या कादंबऱ्या रोज पोटभर खाण्याच्या नाहीत, शिध्यानेच खाण्याच्या आहेत.

‘उषःकाल’ चालली १८९५ ते १८९७. मराठीत ऐतिहासिक कादंबरी तेव्हा नवी नव्हती. गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासूनची. पण ‘उषःकाल’चा काळ साधा नव्हता. १८९५ मध्ये टिळकांनी रायगडावरच्या शिवसमाधीचा प्रश्न उचलला, १८९६ मध्ये रायगडावर उत्सव झाला. त्याच सुमारास आगरकर गेले. १८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग शिरला, घरे झडतीखाली आली, २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यानंतर टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, त्यातही शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने छापलेला मजकूर पुराव्यात होता. म्हणजे शिवाजी हा विषय तेव्हा नुसता इतिहासाचा नव्हता. त्याचे नाव घेणे म्हणजे काहीतरी पणाला लावणे होते. आणि ही कादंबरी लिहीत होता एक मवाळ, गोपाळ कृष्ण गोखल्यांचा स्नेही. शिवाजी कोणाच्या गटाचा, असा वाद घालणाऱ्या कोणत्याही काळाने ही नोंद वाचावी.

पण ‘उषःकाल’ उघडल्यावर शिवाजी लगेच मध्यभागी येत नाही. मध्यभागी आहे सुलतानगड आणि त्याचे किल्लेदार रंगराव आप्पा. विजापूरच्या दरबाराची चाकरी करत हाडे झिजवलेला, खाल्ल्या मिठाला जागणारा हा म्हातारा. त्याचा मुलगा नानासाहेब शिवाजीच्या उद्योगाकडे ओढला गेलेला. बाप खलनायक असता तर कादंबरी सोपी झाली असती. हरिभाऊंनी ती सोपी केली नाही. आप्पांची निष्ठा खरी आहे, करारी आहे, तिला स्वतःचे तेज आहे. चूक एवढीच की काळ बदलला आहे. मुलाला बापाचे प्रेमही हवे आहे आणि नवा रस्ताही. शाळकरी वयात मी सावळ्या या चलाख पोराच्या मागे धावत होतो. नोकरीच्या वर्षांत नानासाहेबाची घालमेल कळली. आता रंगराव आप्पांच्या प्रकरणांशी मी रेंगाळतो. पुस्तक तेच, पण वाचताना आपण कोणाच्या शेजारी जाऊन बसतो ती जागा बदलत जाते.

आणि इथेच सामाजिक आणि ऐतिहासिक ही कप्पेबंद विभागणी मला गळून पडल्यासारखी वाटते. ‘करमणुकी’चा वाचक तोच होता. एका पानावर तो पुण्यातल्या वाड्यात वडिलांपुढे मान वर न करणारा, पण मनातून फुटलेला तरुण पाहत होता. दुसऱ्या पानावर तोच तरुण शिवकालाचा अंगरखा घालून सुलतानगडावर उभा होता. बापाने सरकारची इमाने इतबारे नोकरी केलेली, मुलाच्या मनात राष्ट्रीय सभा, समाजसुधारणा किंवा आणखी काही. १८९५ च्या सुमारास असा वाद ज्या घरात नव्हता, असे पांढरपेशे घर पुण्यात विरळाच असेल. हरिभाऊंनी किल्ल्यात नेऊन ठेवले ते आपल्याच घरातले भांडण. त्यामुळे इतिहासाची माहिती जुनी झाली तरी कादंबरी जुनी होत नाही.

माहिती जुनी झाली, हे मात्र मोकळेपणाने म्हटले पाहिजे. ‘उषःकाल’ पुरी झाली तेव्हा राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंडही यायचा होता, तो आला १८९८ मध्ये. हाताशी होता तो ग्रँट डफ, बखरी आणि पोवाडे. ‘गड आला पण सिंह गेला’ या १९०३ च्या कादंबरीचे नावच पाहा. हे शब्द आता म्हणीसारखे झाले आहेत आणि तानाजीच्या बलिदानानंतर कोंढाण्याचा सिंहगड झाला, असे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण १६७० च्या आधीच्या पत्रांतही सिंहगड हे नाव सापडते, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. तरी कथेची पकड सुटली नाही. १९२३ मध्ये कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी या कादंबरीवरून ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. त्यात शेलारमामा झाले होते व्ही. शांताराम. २०२० मध्ये हिंदीत तानाजीवर मोठा चित्रपट आला, त्यात उदेभानाच्या कैदेत कमल नावाची एक स्त्री दिसली, तेव्हा हरिभाऊंच्या कमलकुमारीची आठवण झालेला चित्रपटगृहातला मी एकटाच नसणार.

या काळात हरिभाऊ फक्त लिहीत बसले होते असे समजू नये. पुण्याच्या नगरपालिकेत त्यांनी वर्षानुवर्षे काम केले, पुढे तिचे अध्यक्षपदही सांभाळले. प्लेगच्या दिवसांत ते लोकांसाठी राबले. काशीबाई कानिटकरांसारख्या लिहित्या स्त्रीशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. तो काशीबाईंनीच त्यांच्या पश्चात ‘हरिभाऊंची पत्रे’ म्हणून प्रसिद्ध केला. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९१५ मध्ये ज्याला पदवी मिळाली नव्हती त्याच माणसाला मुंबई विद्यापीठाने मराठी भाषेवरच्या विल्सन व्याख्यानांसाठी बोलावले. आनंदाश्रमाच्या पोथ्या, नगरपालिकेचे कागद, ‘करमणुकी’ची मुद्रिते, आणि या सगळ्यांतून उरलेल्या वेळात रायगड, राजस्थान, पाटलीपुत्र. ‘केवळ स्वराज्यासाठी’, ‘रूपनगरची राजकन्या’, ‘चंद्रगुप्त’, ‘सूर्योदय’ ही सगळी त्या वेळेची कमाई.

या ओझ्याची किंमतही चुकवावी लागली. ‘उषःकाल’, ‘सूर्योदय’ अशी चढत गेलेली ही माळ ‘सूर्यग्रहण’पाशी येऊन तुटते. १९०८ च्या सुमारास सुरू झालेली ही कादंबरी त्यांनी अपुरीच सोडली. मागाहून घेतलेली ‘कालकूट’ही अपुरी राहिली. ग्रहण लागलेले वाचकांनी पाहिले, सुटलेले पाहिलेच नाही. बँकेत आम्ही वर्षानुवर्षे व्यवहार नसलेल्या खात्यांची वेगळी यादी ठेवत असू. शिल्लक असते, वारस येत नाही. ‘सूर्यग्रहण’ हातात घेतले की मला ती यादी आठवते. वैताग येतो, पण वाचायचे टाळावेसे वाटत नाही. कारण लेखक कोणत्या वळणावर थांबला हे दुसऱ्या लेखकाला फार काही सांगून जाते.

मग आली ‘वज्राघात’, १९१३ ते १९१५. रॉबर्ट सेवेलचे विजयनगरवरचे पुस्तक १९०० मध्ये निघाले होते आणि ते विस्मृतीतले साम्राज्य पुन्हा लोकांच्या बोलण्यात आले होते. विषय आहे २३ जानेवारी १५६५ च्या लढाईत झालेला विजयनगरचा नाश. रामराजा आणि मेहेरजान यांचे प्रेम, त्या प्रेमाशी रामराजाने केलेली प्रतारणा, आणि त्यांचा मुलगा रणमस्तखान, जो आपला बाप कोण हे नीट न कळताच त्याच्या विरुद्ध उभा ठाकतो. ओळीने वाचत आलेल्या वाचकाला इथे एकदम थबकायला होते. अरे, हे तर पुन्हा बाप आणि मुलगाच! पण ‘उषःकाल’मधला बाप निष्ठेपायी मुलापासून दुरावला होता, ‘वज्राघात’मधला बाप स्वतःच्या विश्वासघातापायी. तिथे नव्या राज्याची पहाट होती, इथे राखरांगोळी. तिशीतल्या हरिभाऊंना वाटत होते की घरातल्या दोन पिढ्यांचा तंटा मिटू शकतो. पन्नाशीला आलेले हरिभाऊ सांगतात, वरच्या पिढीने दिलेला शब्द मोडला तर तो मिटत नाही, साम्राज्य घेऊन बुडतो. विशेष म्हणजे विजयनगर पडले याचा दोष ते धर्माच्या नावावर टाकून मोकळे होत नाहीत. एका माणसाने एका स्त्रीशी केलेल्या अन्यायापाशी ते त्याचे मूळ नेऊन ठेवतात. यमूची कथा लिहिणाऱ्याने साम्राज्याची कथाही त्याच तराजूत तोलली. म्हणून मला ‘वज्राघात’ ही त्यांची सर्वांत मोठी ऐतिहासिक कादंबरी वाटते, आणि ती शिवकालातली नाही, हेही अर्थपूर्ण वाटते.

१९१७ मध्ये ‘करमणूक’ बंद पडली. ३ मार्च १९१९ रोजी, पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उरले असताना, हरिभाऊ पुण्यात वारले. त्याच वर्षी जदुनाथ सरकारांचा शिवाजीवरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. कागदपत्रांवर उभे राहिलेले इतिहासलेखन यापुढे वाढतच जाणार होते, आणि हरिभाऊंच्या बखरी-पोवाड्यांवरच्या शिवकालाला मागे टाकणार होते. त्यानंतर नाथमाधवांची ‘स्वराज्य’ मालिका आली, गो. नी. दांडेकर आले, रणजित देसाईंचा ‘स्वामी’ आला, ‘छावा’ आला. प्रत्येक पिढीने आपापला गड बांधला. कोणाची भाषा अधिक झळाळती, कोणाचा अभ्यास अधिक पक्का. पण इतिहासाच्या मोठ्या दाराआड एक चौसोपी घर ठेवायचे, त्यात भांडणारी खरी माणसे ठेवायची, ही वहिवाट मराठीत पाडली ती हरिभाऊंनी.

हल्ली ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपण आधी विचारतो, ती कोणाच्या बाजूची? नायकाला कुठे कमी तर लेखले नाही ना? भावना दुखावण्याची भीती लिहिणाऱ्याच्या मानेवर बसलेली असते. अशा वेळी रंगराव आप्पांची प्रकरणे वाचावीत. शिवाजीवर मनापासून भक्ती असलेल्या लेखकाने त्याला विरोध करणाऱ्या म्हाताऱ्याला केवढा मान दिला आहे, ते पाहावे. राजद्रोहाच्या खटल्यांच्या काळात, प्लेगने ओस पडलेल्या पुण्यात बसून हा संयम त्यांनी पाळला. त्यात शिवाजी लहान झाला नाही. उलट अशा करारी माणसालाही विचारात पाडणारा म्हणून तो अधिकच मोठा दिसतो.

या पुस्तकांच्या नव्याजुन्या आवृत्त्या वाचनालयांत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांत मिळतात. ‘उषःकाल’ घ्यावी, एका रात्री पन्नास पानांच्या पुढे जाऊ नये. भाषेचा पहिला चढ अवघड आहे, पंधरावीस पानांत दम बसतो. घरात कोणी म्हातारे माणूस असेल तर मोठ्याने वाचावे. ‘करमणूक’ तशीच वाचली जात असे. आणि सुलतानगडावर पोचलात की आपण आप्पांच्या शेजारी बसलो आहोत की नानासाहेबाच्या, एवढे मात्र बघून ठेवावे. दहा वर्षांनी पुन्हा वर चढाल तेव्हा उपयोगी पडेल.